फिरतं पिंजण

सुगंधाबाईच्या शेडला दार होतं आणि दाराला कडी. सकाळी उठली की ती आधी कडी काढायची, पुन्हा लावून बघायची, मग परत काढायची. शेजारची सरूबाई हसायची. "काय गं, कडीला शाळा शिकवू राह्यली का?" सुगंधाबाई दार नीट हलतं का बघायची आणि झाडू हातात घ्यायची.

हर्सूल संपलं, जेलची भिंत मागं पडली, की जळगाव रस्त्याच्या कडेनं सांडू पाटलाची जमीन लागायची. त्या सालांत तिथं ज्वारीच्या जागी चुन्याच्या रेघा आल्या होत्या, कोपऱ्या-कोपऱ्यावर रंग दिलेले दगड. शहर रोज थोडं थोडं इकडं सरकत होतं. तेव्हा त्याला औरंगाबादच म्हणत. संभाजीनगरची पाटी यष्टीवर पुढं आली. सांडू पाटलानं प्लॉट पाडले तेव्हा कडेला एक वाकडा तुकडा उरला, त्यात कुणाचंच घर बसत नव्हतं. तो त्यानं भाड्यानं दिला. त्यावर पत्र्याची दोन शेडं उभी राहिली. एकात सरूबाईचं पापडाचं मशीन, दुसऱ्यात सुगंधाबाईचं लोकर पिंजायचं. त्याला ती नुसतं पिंजण म्हणायची.

सुगंधाबाईचा जन्म कुठला, हे नीट कुणाला सांगता यायचं नाही. तिची आई म्हणायची, "वैजापूरकडं कुठंतरी. बाजरीची सोंगणी चालली होती." मेंढरामागं फिरणाऱ्यांच्या पोरांना गाव असतं ते कागदावर. पाच-सहा घरं, त्यांची मेंढरं, घोड्यावर लादलेली भांडीकुंडी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, असा तळ दिवाळी झाली की निघायचा आणि पाऊस पडेस्तोवर फिरायचा. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचा. लेंड्यांचं खत त्याला, त्याच्या बदल्यात धान्य यांना. दुसऱ्या दिवशी दुसरं रान. सुगंधाबाई चालत चालत मोठी झाली. बिरूच्या घरी लग्न होऊन आली तीही चालतच.

तिला एक पोरगं झालं होतं. गंगापूरच्या बाजूला, गोदावरीच्या अंगाला झालं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. बिरूनं बांधाच्या कडेला खड्डा केला, वर दगड ठेवले. तळ सकाळी हलायचा होता, तो हलला. पुढच्या साली त्याच वाटेनं आले तर तिथं ऊस उभा होता. बांध मोडून रान एक केलेलं. ती उसाच्या कडेनं थोडी चालली, मग मेंढरं पुढं गेली म्हणून तीही गेली.

त्या पोराबद्दल ती कधी बोलली नाही. पण तेव्हापासून तिला एकच पाहिजे होतं आणि ते मात्र ती बोलून दाखवायची. एका जागी राहायचं. सकाळी डोळे उघडले की कालचीच जागा दिसली पाहिजे.

बिरू म्हणायचा, "अन् मेंढरांनी काय हवा खायची?"

दोन हजार बाराच्या दुष्काळानं तो सवाल मिटवून टाकला. चाऱ्याच्या छावण्या गुरांच्या होत्या, तिथं मेंढरांना कुणी दावणीला घेत नव्हतं. शेतकऱ्याला स्वतःलाच टँकरचं पाणी, तो दुसऱ्याची मेंढरं कशाला रानात बसवून घेईल. काही मेली. उरलेली बिरूनं विकली आणि दोघं हर्सूलला आले. बिरूला एका नव्या सोसायटीवर वॉचमनची नोकरी लागली. संध्याकाळी गाड्या आत येऊ लागल्या की तो काठी घेऊन फाटकापाशी उभा राहायचा आणि एकेक मोजून घ्यायचा. एखादी कमी भरली तर त्याला चैन पडायचं नाही. "त्या लाल गाडीवाल्याची आली नाय अजून," असं घरी येऊन सांगायचा, जणू लांडग्यानंच नेली असावी. सुगंधाबाई तिथंच पुढच्या इमारतीवर वाळू वाहायची.

वाळू वाहतानाच तिला सरूबाई भेटली. सरूबाई शेतकऱ्याघरची, नवऱ्याच्या भावांशी वाटणी होऊन शहरात आलेली, बोलायला कुणाला ऐकायची नाही.

"सरकार बायांना मशीन देऊ राह्यलं," ती म्हणाली.

"फुकट?"

"फुकट काय असतं का कधी? थोडं बँक देती, थोडं सरकार. पण सरकारचा वाटा तुझ्या हातात नाय पडत. तो बँकेतच ठेवतेत, कुलूप लावल्यावानी. तीन वर्षं तू धंदा चालवून दाखवायचा. मग साहेब येतो, मशीन बघतो, फोटो काढतो. ठीक वाटलं तर तो वाटा तुझ्या कर्जातून वळता. नाय वाटलं तर समदं कर्ज तुझ्या बोकांडी, मशीन बँकेत, अन् तू परत हितंच वाळूत."

"मला काय येतं धंद्यातलं?"

"लोकर येती का नाय?"

लोकर येत होती. लहानपणापासून तिनं ती कमानीनं पिंजली होती. एका हातात कमान धरायची, दुसऱ्या हातानं ताणलेली तात वाजवायची, दिवसभर. खांदा भरून यायचा आणि ढीग तेवढाच दिसायचा. मशीन तेच काम जेवायच्या आधी उरकून टाकायचं. पुढून काळी, गवताच्या काड्या अडकलेली लोकर घालायची, मागून ढगासारखी मोकळी निघायची. तिचं सूत कातायचं, विणकराला द्यायचं, तो घोंगडं विणायचा.

तर मशीन आलं. साहेबांनी सांगितलं तसं खाली सिमेंट केलं, चार बोल्ट रोवले, त्यावर पिंजण कसलं. वर पाटी लागली, 'सुगंधा लोकर पिंजण केंद्र', खाली योजनेचं नाव. सुगंधाबाईनं वाळू सोडली आणि बिरूसकट शेडमध्ये राहायला आली.

पहिल्या कातरणीला तिचा धाकटा भाऊ बिभीषण लोकर घेऊन आला. त्याची मेंढरं होती अजून, अर्धी का होईना. टेम्पो करून पोती आणली, पिंजून होईस्तोवर थांबला, तर तिकडं तळ खोळंबला. दुसऱ्या खेपेला मेंढरंही संगं आणली, तर रस्त्याच्या कडेला उभी होती त्यातली चार सांडू पाटलाच्या प्लॉटात शिरली. गिऱ्हाईक आलेलं, अन् खाली लेंड्या. पाटील लई बोलला.

बिभीषण म्हणाला, "अक्का, समद्यांनी लोकर इकडं आणण्यापरीस पिंजणच तिकडं येऊ दे. मेंढा येतो तसं."

हे तिला लगेच पटलं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच. चांगला मेंढा कुणी आपल्याच कळपात बांधून ठेवत नाही. मेंढ्या माजावर यायच्या दिवसांत तो एका कळपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरतो. निघताना त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, मूठभर ज्वारी चारायची, मग सोडायचा. आणि एकदा तो कुणाच्या कळपात उभा राहिला की मालकानं त्याला मधूनच परत न्यायचं नाही. घरात काही होवो. 'अर्ध्यातून मेंढा काढणारे' असं ज्यांच्याबद्दल बोललं जायचं, त्यांच्या घरी लोक पोरगी द्यायचे नाहीत.

मग दर कातरणीला सुगंधाबाई चार नट सोडायची, टेम्पोवाल्या फकिराचा छोटा हत्ती यायचा, पिंजण त्यात चढायचं आणि फुलंब्रीकडं नाही तर कन्नडकडं, जिथं तळ असेल तिथं जायचं. तिकडं तेलाच्या इंजनावर पट्टा चढवून ते चालायचं. एका तळावरून दुसऱ्या. पिंजलेल्या लोकरीतला वाटा तिला यायचा. सगळ्यांचं झालं की पिंजण परत यायचं, तोंडाशी पिवळा भंडारा फासलेला, कुठंतरी फटीत ज्वारीचे दाणे. बिभीषणाची बायको शालू हे न चुकता करायची. सुगंधाबाई दाणे काढून कोंबड्यांना टाकायची. भंडारा पुसायची नाही.

मशीन हलवून आपण नियम मोडतोय, असं तिच्या मनात आलं नाही. पिंजण सरूबाईच्या पापडाच्या मशीनपेक्षा जास्त चाललं होतं. धंदा चालवून दाखव म्हणाले होते, तो चालला होता.

अठरा साली पाऊस पुन्हा पाठ फिरवून गेला. दिवाळीनंतर एका दुपारी तीन वर्षांच्या पाहणीसाठी ऋतुराज नावाचा पोरगा मोटरसायकलवरून आला. बाप फुलंब्रीकडचा शेतकरी, ह्याची नोकरी करारावरची. आधी सरूबाईकडं गेला. तिनं पापड भाजून दिला. तो चावत चावतच इकडं आला.

"मावशी, मशीन?"

"फिरायला गेलंय."

तो हसला. "कुणासंगं?"

"भावासंगं. फुलंब्रीच्या अलीकडं तळ हाय त्याचा. कातरणी चालू हाय ना."

ऋतुराजनं खाली बघितलं. सिमेंटात चार बोल्ट उभे होते. घडीघडी नट सोडून त्यांचे आटे चकाकत होते. त्याचा चावायचा आवाज थांबला.

"मशीन जागेवर पाहिजे, मावशी."

"जागेवर ठेवून काय करू? मेंढरं हितं येत नाहीत. पाटील लेंड्या पडल्या की बोंबलतो."

"ते बरोबर हाय. पण मला लिहायचंय, मशीन जागेवर आढळलं का नाही आढळलं."

"आढळंल की. चला तुमच्या गाडीवर. तुमच्या म्होरं पिंजून दावते."

"फोटोवर जागा येते. कुठं काढला ते फोनच लिहितो. तिकडचा फोटो टाकला तर मशीन विकलं म्हणतील."

"विकलं नाय."

"मला कळतंय ते."

तो दारात उभा राहिला. हेल्मेट घातलं, पुन्हा काढलं. "उद्या मी फुलंब्रीलाच चाललोय. येताना चारच्या सुमाराला हितं थांबतो. मशीन जागेवर पाहिजे, चालू पाहिजे, पाटी दिसली पाहिजे. संध्याकाळी माझी यादी वर जाते. मग माझ्या हातात काही राहात नाही."

"चार दिस थांबा साहेब. त्यांची लोकर होऊ द्या."

"यादी उद्याच जाते, मावशी."

तो गेल्यावर सरूबाई आली. "दुरुस्तीला गेलंय म्हणायचं व्हतं."

"काऊन?"

"काऊन म्हणती." सरूबाईनं कपाळावर हात मारला. "तुझ्या तोंडाला पण एक कडी बसवून घे."

संध्याकाळी बिरू ड्युटीवरून आला. सुगंधाबाईनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत बसला.

"काय करू?"

"मला काय विचारती. भाऊ तुझा हाय." मग म्हणाला, "मेंढा अर्ध्यातून काढला तर..." भाकरी मोडली. "आज दोन गाड्या कमी हायेत," म्हणाला.

सकाळी ती फकिराच्या छोट्या हत्तीत बसून निघाली. रस्ता चार पदरी करायचा म्हणून उखडून ठेवला होता. जिकडं बघावं तिकडं मुरूम आणि धूळ. वडाची झाडं तोडून कडेला आडवी पडलेली. फकिरा बोलत होता. पुढं हा रस्ता असा होणार की घंट्याचं काम पावघंट्यात, प्लॉटचे भाव कुठं जातील बघा. सुगंधाबाई हूं म्हणत होती.

तळ एका पडीक रानात उतरला होता. शेतकऱ्याची विहीर होती म्हणून. इंजन फटफटत होतं, पिंजणाच्या तोंडाशी शालू बसली होती, तिच्या केसांत, भुवयांवर लोकरीचं काळं कुसळ. एका बाजूला पिंजलेल्या लोकरीचा ढीग. दुसऱ्या बाजूला पोत्यांची रास, तोंडं बांधलेली.

"अक्का, अशी अचानक?" बिभीषण म्हणाला. "शाले, च्या टाक."

"च्या नगं. पिंजण न्यायला आले."

बिभीषणाला ते नीट कळलं नाही. इंजनाच्या आवाजात आपण काही वेगळंच ऐकलं असं त्याला वाटलं असावं. त्यानं जवळ येऊन परत विचारलं आणि तिनं परत सांगितलं.

"आज?"

"चार वाजता साहेब येतो. पिंजण जागेवर दिसलं नाय तर बँक नेती. शेड पण जातं मग. कशाच्या जोरावर ठेवू?"

त्यानं पोत्यांकडं बघितलं. "एवढी राह्यली."

"दिसतंय."

"परवा हलायचंय आम्हाला. विहीर आटली. गंगापूरकडं ऊसतोड चालू झाली, तिथं उसाच्या शेंड्यांचं वाढं तरी भेटंल मेंढरांना. एवढी कच्ची लोकर घेऊन कुठं हिंडू? विणकर कच्ची घेत नाय. यापारी घेतो ते मातीमोलानं."

"मालूम हाय."

"रातभर चालवतो. उद्या सकाळी मी आणून देतो."

"यादी आज जाती."

"कसली यादी?"

"मला पण नाय कळत."

तळावरचा म्हातारा पुंजाराम, तिच्या बापाच्या जोडीचा, घोंगड्यावर बसून हे ऐकत होता. तिला त्यानं मांडीवर खेळवलं होतं. तो म्हणाला, "पोरी, मेंढा कळपात उभा हाय अजून."

"व्हय काका."

त्याला जे सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं आणि तिला ते कळलं होतं. आता आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, असं सुगंधाबाईला वाटलं. ती तशीच उभी राहिली. डोळ्यांपुढं पोती होती, पोत्यांच्या मागं मेंढरं होती, नुकती कातरलेली, उघडी, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. तिला काहीच वाटलं नाही. शेडची कडी सकाळी लावली का नाही, एवढंच डोक्यात आलं.

बिभीषणानं जाऊन इंजन बंद केलं. फटफट थांबल्यावर सगळं रान एकदम मोठं झालं. त्यानं पट्टा उतरवला, गुंडाळला. पिंजणाच्या दातांत अडकलेली लोकर बोटांनी काढून घेतली, सगळी. मग फकिराला म्हणाला, "धर तिकडून."

चौघांनी उचललं. शालू उठून उभी राहिली होती. तिचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला, भंडाऱ्याच्या. तिथंच थोडा वेळ राहिला. मग तिनं हात लुगड्याला पुसला.

फकिराला ठाऊक नव्हतं. तो दोऱ्या आवळता आवळता म्हणाला, "आज हळद नाय लावली वयनी?"

घोडा खिंकाळला. सुगंधाबाई पुढं बसली आणि गाडी निघाली.

शेडवर नट कसून झाले तेव्हा चार वाजायला आले होते. मोटरची पिन घातली, पिंजण फिरायला लागलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की घालायला लोकरच नाही. होती नव्हती ती सगळी तळावर. शेडमध्ये बोटभर नव्हती.

सरूबाई धावत घरात गेली आणि आपल्या दोन उशा घेऊन आली. "फाड."

"ही रुई हाय."

"साहेबाला काय दाताखाली धरून बघायचीय? फाड म्हणते ना."

ऋतुराज आला तेव्हा सुगंधाबाई पिंजणात सरूबाईची उशी घालत होती आणि मागून पांढरा कापूस उडत होता. सरूबाई बाजूला कमरेवर हात ठेवून उभी. फोटो काढण्याआधी ती हळूच म्हणाली, "हसू नको बरं का. हसलं की बाई सुखात हाय म्हणून पुढची योजना कापतेत." सुगंधाबाई हसणार नव्हतीच.

ऋतुराजनं फोटो काढला. पाटी आली, मशीन आलं, बाई आली. मग त्यानं कापूस उचलून चिमटीत धरला.

"मावशी, घोंगडी पांढरी पण असतेत का?"

सरूबाई म्हणाली, "असतेत की. सायबाला लग्नात देऊ एक."

त्यानं एकदा सुगंधाबाईकडं बघितलं. बोल्टांकडं बघितलं, त्यांवर घट्ट बसलेल्या नटांकडं बघितलं. फोनवर काहीतरी टाकलं आणि म्हणाला, "चालू लिहिलंय." जाताना पापड मागितला नाही.

यादी गेली. पुढं काही महिन्यांनी बँकेतून निरोप आला. सरकारचा वाटा वळता झाला. मशीन तिचं झालं, शेड राहिलं, कडी राहिली. बिरू म्हणाला, "बरं झालं." तीही म्हणाली, बरं झालं.

पण त्याआधी, फोटोनंतरच्या तिसऱ्या सकाळी, उजाडता उजाडता घंट्यांचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली. तळ गंगापूरकडं चालला होता. पुढं घोडा, मग मेंढरं, रस्ताभर. उखडलेल्या रस्त्याची धूळ अशी उठली होती की मागची माणसं नुसती सावल्यांसारखी दिसत होती. बिभीषणाचं कुत्रं ओळखीनं शेडात शिरलं, पिंजणाला हुंगलं, तिच्या पायाला अंग घासलं. बाहेरून शीळ आली. कुत्रं गेलं. कुणी थांबलं नाही.

पुढच्या कातरणीला फकिरा येऊन विचारून गेला, "कधी न्यायचं?" ती म्हणाली, निरोप आला की सांगते. निरोप आला नाही. बिभीषणाकडून नाही आणि दुसऱ्याही तळांवरून नाही. कन्नडकडच्या एका तळाला तिनं स्वतः फोन लावला. पलीकडून बाई गोड बोलली, मेंढरांची खुशाली सांगितली, दुष्काळाचं सांगितलं. पिंजणाचं काढल्यावर म्हणाली, "आमचं झालं अक्का. कमानीवर केलं यंदा." त्यात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं.

पिंजण तसंच पडून राहिलं असतं. सरूबाईनं मात्र आपल्या उशांची गोष्ट गल्लीभर सांगितली होती, हसत हसत. त्यावरून एक बाई आपली गादी घेऊन आली. मग दुसरी. सावंगीपर्यंत नवी होस्टेलं झाली होती, खोल्या करून राहणारी कंपन्यांतली पोरं होती, त्यांच्या गाद्या वर्षभरात दगड होतात. सुगंधाबाई त्या फाडायची, पिंजायची, भरायची. त्या गाद्यांतून कायकाय निघायचं. पेन, केसांच्या पिना, बसची तिकिटं, एकदा परीक्षेची कॉपी. ती सगळं एका डब्यात ठेवायची, विचारायला कुणी येत नसे. दिवसभर नाकात कापूस. पाटीवर लोकर लिहिलेलं तसंच होतं. काम मात्र तुटत नव्हतं. बिरूनं वॉचमनकी सोडावी इतकं होतं, पण त्यानं सोडली नाही. गाड्या कोण मोजणार, म्हणाला.

एकोणीसच्या उन्हाळ्यात तळ गंगापूरकडून परत निघाला. या वेळी तो तिच्या दारापुढं थांबला, कारण मेंढरं पुढं जाईनात. हर्सूलचं तळं आटून भेगाळलेलं, मैलभर कुठं पाण्याचा थेंब नाही. तिच्या दारात टँकरवाल्याकडून घेतलेले दोन पिंपं भरून ठेवलेली होती. बिभीषण रस्त्यावरच काठी टेकून उभा राहिला, तोंड दुसरीकडं करून. शालू आली.

"अक्का, पाणी हाय का?"

सुगंधाबाईनं भांडी मांडली, होती तेवढी, घमेलीसुद्धा. पिंपं रिकामी केली. मेंढरं तोंडावर तोंड घालून पीत होती. मागच्या वर्षीपेक्षा कमी होती, ती मोजायची गरज नव्हती, बघूनच कळत होतं. शालू उंबऱ्यावर टेकली. तिनं आत बघितलं. पिंजणावर एक फाटलेली गादी पडली होती.

"हे काय पिंजती?"

"गाद्या. होस्टेलच्या पोरांच्या."

"अन् लोकर?"

"कुणी आणत नाय."

शालू पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर काहीतरी उकरत राहिली. "आमची तिथंच ठेवली. विहिरीपाशी. मधी हे येऊन बघून गेले तर उंदरांनी घरं केली व्हती त्यात."

"समद्या पोत्यांत?"

"समद्या."

"पुंजाराम काका बरे हायेत?"

"गेले. पौषात. गंगापूरकडं."

"कुठंशी?"

शालूनं हातानं पश्चिमेकडं केलं. "रस्त्याच्या कडंला. खूण ठेवलीय." मग म्हणाली, "रस्ता रुंद करू राह्यलेत तिकडं पण."

सुगंधाबाईनं तांब्या भरून दिला. शालू प्याली, तांब्या पालथा करून ठेवला. बिभीषणासाठी दुसरा भरला तो शालूनं रस्त्यावर नेला. तो प्याला का नाही ते मेंढरांच्या आडून दिसलं नाही. तांब्या परत आला तेव्हा रिकामा होता.

"दार चांगलं हाय तुझं," शालू उठताना म्हणाली.

"हां."

तळ गेला. घंट्या सावंगीच्या वळणापर्यंत ऐकू येत होत्या, मग ट्रक सुरू झाले. दारापुढं, पाटलाच्या प्लॉटच्या दगडांपर्यंत, लेंड्याच लेंड्या पडल्या होत्या. सरूबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "पाटील यायच्या आत झाड गं बाई, गिऱ्हाईक हाय त्याचं दुपारला."

सुगंधाबाईनं झाडून गोळा केल्या. पोतं भरलं. लेंड्या बऱ्या होत्या, वाळल्या की चांगलं खत झालं असतं. पोत्याचं तोंड बांधून तिनं इकडं तिकडं बघितलं. चहूबाजूंनी चुन्याच्या रेघा होत्या. द्यावं असं रान कुठं दिसेना. तिनं पोतं शेडाच्या मागं नेऊन ठेवलं, हात धुतले, आत आली आणि अर्धी राहिलेली गादी पिंजायला घेतली.